दावा वरच्या न्यायालयात नेताना

दिवाणी वादपत्र कोणत्याही विषयाचे असो, त्याच्या अखेरीस मूल्यांकनाचा एक परिच्छेद असतो आणि वकिलीत नव्याने उतरलेली मुले तो पुष्कळदा नमुन्याबरहुकूम उतरून घेतात. परंतु शारीरिक दुखापतीच्या नुकसानभरपाईचा दावा ज्याने अथपासून इतिपर्यंत चालवला आहे, त्याला त्या चार ओळींचे माहात्म्य सांगावे लागत नाही. तेथे लिहिलेल्या रकमेवर कोर्ट फी स्टँप ठरतो, तिच्यावरच दावा कोणत्या न्यायालयात दाखल व्हायचा हे ठरते, आणि पुढे पुरावा कितीही भक्कम झाला तरी मागितल्याहून अधिक रक्कम पदरात पडण्याची आशा दिवाणी न्यायालयात धरता येत नाही. दावा चालवण्यास सक्षम असलेल्या न्यायालयांपैकी सर्वांत खालच्या दर्जाच्या न्यायालयातच तो दाखल झाला पाहिजे असा दंडक दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १५ ने घातला आहे. आणि १८६९ च्या दिवाणी न्यायालयांच्या कायद्याखाली कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांची आर्थिक मर्यादा वेळोवेळी वाढत आता ५ लाख रुपयांवर आली असून त्यापलीकडचा दावा वरिष्ठ स्तराकडे जातो. शेतजमिनीची किंमत, कर्जाऊ रकमेचे मुद्दल व व्याज, थकलेले भाडे ही सारी दाव्याच्या दिवशी मोजता येतात. मनुष्यदेहाला झालेली इजा मात्र त्या दिवशी आपले संपूर्ण स्वरूप प्रकट करीलच असे नाही. ती आपल्या गतीने वाढते, आपल्या गतीने भरून येते आणि कधी कधी भरून आल्याचा आभास निर्माण करून आत खोलवर हाड पोखरीत राहते.

मोटार अपघातात जखमी झालेल्यास ही अडचण फारशी भासत नाही. त्याच्यासाठी स्वतंत्र न्यायाधिकरण आहे, तेथे रकमेची मर्यादा नाही, आणि पुराव्यावरून न्याय्य ठरत असेल तर मागणीहून अधिक भरपाईसुद्धा न्यायाधिकरण देऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने नागप्पा प्रकरणात स्पष्ट केले आहे. कामावर असताना जायबंदी झालेल्या मजुरासाठी कायद्यात भरपाईची स्वतंत्र तरतूद आहे. परंतु जो ना वाहनाखाली सापडला, ना कोणाच्या चाकरीत होता, अशा माणसाला, म्हणजे दुसऱ्याची भिंत अंगावर कोसळलेल्या वाटसरूला किंवा उघड्या टाकीत पडलेल्या मुलाच्या बापाला, सामान्य दिवाणी न्यायालयाचीच पायरी चढावी लागते. माझा अशील अशाच माणसांपैकी होता.

कृष्णाकाठच्या ज्या तालुक्यात माझी बहुतेक वकिली झाली, त्या तालुक्यातील एका गावचा तो सुतार. शेजारच्या वस्तीवर दाराच्या चौकटी बसवण्याचे काम घेऊन, हत्यारांची पिशवी सायकलला अडकवून, तो डोंगरालगतच्या गाडीवाटेने निघाला असता वरच्या दगडाच्या खाणीत सुरुंग उडाला आणि त्यातून उसळलेला एक धोंडा त्याच्या उजव्या दंडावर, कोपराच्या किंचित वर, येऊन आदळला. हाड मोडले, जखम उघडी पडली. मिरजेला नेऊन शस्त्रक्रिया झाली, आत पट्टी बसवली गेली, आणि काही महिन्यांत हात कामाला लागेल असा वैद्यकीय अभिप्राय मिळाला. त्या अभिप्रायाच्या, दवाखान्याच्या पावत्यांच्या आणि बुडालेल्या मजुरीच्या आधारावर आम्ही साडेचार लाख रुपयांचा दावा तालुक्याच्या कनिष्ठ स्तर न्यायालयात दाखल केला. त्या दिवशी जेवढे ज्ञात होते तेवढ्यास ती मागणी अनुरूप होती, आणि अज्ञात भवितव्यावर अवाच्या सवा रक्कम मांडून गरीब माणसाला तिच्या स्टँपाच्या ओझ्याखाली दडपणे मला केव्हाही उचित वाटले नाही.

खाणमालकाची कैफियत आली ती अशी की, सुरुंगापूर्वी शिट्टी फुंकली होती, लाल निशाण लावले होते, आणि वादीने ते दोन्ही दुर्लक्षून स्वतःहून संकट ओढवून घेतले. धोकादायक वस्तू आपल्या जागेत बाळगणाऱ्याने ती बाहेर निसटल्यास परिणामांची जबाबदारी घेतली पाहिजे, हे तत्त्व १८६८ च्या रायलँड्स विरुद्ध फ्लेचर या इंग्लंडमधील निवाड्यापासून आपल्याकडे परिचित आहे. तथापि इशारा दिला होता की नव्हता या वस्तुस्थितीच्या प्रश्नावर सारे प्रकरण येऊन ठेपले. त्या प्रश्नावर साक्ष देऊ शकणारा एकच तटस्थ इसम होता, त्याच डोंगरउतारावर मेंढरे चारणारा एक वृद्ध धनगर. त्याचा सरतपास थोडक्यात आटोपला, उलटतपास मात्र दीर्घ चालला. दृष्टी अधू आहे काय, खाणमालकाशी चराईवरून कधी तंटा झाला होता काय, किती अंतरावर उभा होता, असे नाना प्रकारांनी विचारून झाल्यावर अखेरीस निशाण लावले असूनही त्याला ते दिसले नसावे असे सुचवण्यात आले, तेव्हा तो साक्षीच्या पिंजऱ्यातून शांतपणे म्हणाला, "लाल फडकं दिसलं असतं तर म्या मेंढरं तिकडं घातली असती का, साहेब?" ते वाक्य निशाणीवर नोंदले गेले. त्या एका वाक्यात जेवढा पुरावा होता तेवढा आमच्या सगळ्या फेरिस्तीत नव्हता.

यानंतर दोन गोष्टी लागोपाठ घडल्या. वरून मिटलेली जखम पुन्हा वाहू लागली. हाडात पू धरला होता. मिरजेच्या डॉक्टरांना बसवलेली पट्टी काढावी लागली, सडलेला भाग खरवडून काढावा लागला, आणि या खटाटोपात कोपर आखडले, मनगट लुळे पडले, मूठ वळेनाशी झाली. पंचेचाळीस टक्के कायम अपंगत्वाचा दाखला हाती आला. आणि त्याच पावसाळ्यात तो वृद्ध धनगर वारला.

आता मागणी वाढवणे अपरिहार्य होते. एका दाव्याच्या कारणावरून मिळणारी सर्व दाद एकाच दाव्यात मागितली पाहिजे आणि सोडून दिलेल्या भागासाठी पुन्हा दावा लावता येत नाही, असा संहितेच्या आदेश २ चा नियम २ आहे. त्यामुळे मोडलेल्या हाडासाठी हा दावा आणि गमावलेल्या पंजासाठी दुसरा, अशी वाटणी करणे धोक्याचे होते. नव्या परिस्थितीचा हिशेब मांडता रक्कम चौदा लाखांवर गेली, म्हणजे ज्या न्यायालयात दावा निम्म्याहून अधिक चालला होता त्याच्या अधिकारकक्षेबाहेर गेली. येथे दोन वाटा फुटत होत्या. वादपत्राची दुरुस्ती करून घ्यावी, मग अधिकार नसल्याच्या कारणाने आदेश ७, नियम १० खाली वादपत्र परत घ्यावे आणि ते वरिष्ठ स्तर न्यायालयात नव्याने दाखल करावे, ही पहिली वाट. तीत मुदतीचे संकट टळू शकते, कारण चुकीच्या न्यायालयात सद्भावनेने घालवलेला काळ १९६३ च्या मुदतीच्या कायद्याचे कलम १४ वजा धरते. पूर्वी भरलेल्या कोर्ट फीची वजावटही मागता येते. परंतु परत घेऊन दाखल केलेला दावा हा नवा दावा असतो आणि तो पहिल्या पायरीपासून चालतो. ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने पुढे २०२० साली निःसंदिग्धपणे सांगितली आहे. स्टँप वळता करून घेता येतो, महिनेही वळते करून घेता येतात. मृत साक्षीदाराचा जबाब वळता करून घेण्यासाठी मात्र पुराव्याच्या कायद्यातील अटींशी झगडत बसावे लागले असते, आणि त्या झगड्याचा शेवट कोणी छातीठोकपणे सांगू शकले नसते.

मी हे अशिलाला समजावून सांगितले तेव्हा तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "वकीलसाहेब, हात गेला त्यो गेला. पर म्या साक्षीत सांगितलं, म्हाताऱ्यानं सांगितलं, ते समदं पुसून पुन्यांदा पहिल्यापास्नं सांगायचं व्हय? म्हाताऱ्याला आता कुठनं आणू?"

दुसरी वाट आहे, असे मी त्याला सांगितले. संहितेच्या कलम २४ खाली जिल्हा न्यायालयाला आपल्या हाताखालील कोणत्याही न्यायालयातील दावा दुसऱ्या सक्षम न्यायालयाकडे वर्ग करता येतो, आणि ज्याच्याकडे तो जातो ते न्यायालय, वर्ग करणाऱ्याने काही विशेष निर्देश दिले असल्यास त्यांच्या अधीन राहून, दावा नव्याने चालवू शकते किंवा जेथे थांबला होता तेथून पुढे नेऊ शकते. मी इतके सांगेपर्यंत त्या कारागिराने ते आपल्या भाषेत पुरते आकळले होते. "म्हंजी चौकट न उकलता हाय तशी उचलायची आन् दुसऱ्या भिंतीत बसवायची," तो म्हणाला. त्याहून अचूक वर्णन मला कोणत्याही टीकाग्रंथात आढळलेले नाही.

ही दुसरी वाट नेहमीच इतकी मोकळी नव्हती. ज्या न्यायालयाला मुळात अधिकारच नाही त्याच्याकडून दावा वर्ग तरी कसा करता येईल, असा तर्क पूर्वी ग्राह्य धरला जात असे. आमच्या उमेदवारीच्या दिवसांत ज्येष्ठ वकील तशा अडकलेल्या प्रकरणांच्या हकिकती सांगत. १९७६ च्या दुरुस्तीने कलम २४ ला पाचवे उपकलम जोडले आणि अधिकार नसलेल्या न्यायालयाकडूनही दावा वर्ग करता येईल असे एका ओळीत सांगून तो तिढा सोडवला. ती एक ओळ कायदेमंडळात संमत होताना कोणाच्या डोळ्यांपुढे एखादा जायबंदी सुतार होता किंवा नाही हे मला ठाऊक नाही. परंतु कायद्याचे मोठेपण मला अशाच ओळींत दिसत आले आहे.

जिल्हा न्यायालयात किरकोळ दिवाणी अर्ज दाखल केला. त्यात दाव्याचा टप्पा, नोंदल्या गेलेल्या साक्षी, नंतरची शस्त्रक्रिया, डॉक्टरांचे शपथपत्र, साक्षीदाराच्या मृत्यूचा दाखला आणि प्रस्तावित दुरुस्तीचा मसुदा इतके सारे क्रमाने मांडले. आणि नुसते वर्ग करण्याची विनंती न करता, दावा आहे त्या टप्प्यावरून पुढे चालवावा असा विशेष निर्देश द्यावा, ही विनंती स्वतंत्र कलमात लिहिली. दावा वर्ग झाला पण निर्देश नाही, अशा स्थितीत वरचे न्यायालय फेरचौकशी करू शकते, ही जोखीम मला पत्करायची नव्हती.

प्रतिवादीचे वकील ज्येष्ठ आणि व्यासंगी होते. साक्षीपुराव्यास आरंभ झाल्यावर, योग्य ती दक्षता घेऊनही बाब आधी मांडता आली नसती अशी खात्री झाल्याखेरीज दुरुस्ती मंजूर होऊ नये, हे २००२ पासून लागू झालेले परंतुक त्यांनी प्रथम पुढे केले. त्यास उत्तर सोपे होते: जी शस्त्रक्रिया साक्षीनंतर झाली ती साक्षीपूर्वी मांडण्याइतकी दक्षता कोणा मर्त्य माणसाजवळ नसते. आपणच निवडलेले न्यायालय वादी आता सोयीने बदलू पाहतो, हा दुसरा आक्षेपही टिकण्याजोगा नव्हता. परंतु त्यांचा तिसरा आक्षेप पोकळ नव्हता, आणि आजही मी त्याचा आदराने उल्लेख करतो. ते म्हणाले की, साडेचार लाखांच्या दाव्यात पक्षकार ज्या बेताने उलटतपास करतो त्या बेताने तो चौदा लाखांच्या दाव्यात करील असे नाही. डोक्यावरचे दायित्व तिपटीने वाढवायचे आणि बचावाची संधी मात्र जुन्याच मापाची ठेवायची, हे न्यायाला धरून नाही.

या युक्तिवादाचा विचार करताना माझ्या लक्षात आले की दाव्यातील पुरावा दोन जातींचा आहे. एक दोषाविषयीचा आणि दुसरा हानीविषयीचा. शिट्टी वाजली की नाही, निशाण होते की नाही, हा प्रश्न साडेचार लाखांना जेवढा खरा तेवढाच चौदा लाखांना खरा. रक्कम वाढली म्हणून डोंगरावर नसलेले फडके दिसू लागत नाही, आणि असलेले नाहीसेही होत नाही. त्या प्रश्नावर मृत साक्षीदाराचा भरपूर उलटतपास झाला होता. हानीविषयीचे साक्षीदार, म्हणजे वादी स्वतः आणि डॉक्टर, दोघेही हयात होते आणि त्यांना पुन्हा पिंजऱ्यात उभे करण्यास आमची हरकत नव्हती. एवढे मी निवेदन केले आणि तसे लेखी दिले. प्रतिपक्षाच्या रास्त तक्रारीस स्वतःहून जागा करून दिली म्हणजे आपल्या विनंतीचे बळ घटत नाही, वाढते, हा माझ्या व्यवसायातील दीर्घ अनुभव त्या दिवशी पुन्हा प्रत्ययास आला.

जिल्हा न्यायाधीशांनी दावा जिल्ह्याच्या गावी असलेल्या वरिष्ठ स्तर न्यायालयाकडे वर्ग केला; तो आहे त्या टप्प्यावरून चालावा, दुरुस्तीचा अर्ज त्या न्यायालयाने गुणावगुणांवर निर्णीत करावा, आणि वाढीव हानीच्या मुद्द्यापुरता उलटतपास करण्याची मुभा प्रतिवादीस असावी, असे निर्देश दिले. तालुक्याच्या शिरस्तेदारांनी निशाण्यांची यादी तपासून, पानांवर क्रमांक घालून, रोजनामा पुरा करून बाड बांधले, आणि इतके दिवस 'नियमित दिवाणी दावा' म्हणून ओळखले जाणारे ते प्रकरण 'विशेष दिवाणी दावा' झाले. आतली निशाणी मात्र तीच, जबाबही तोच.

दुरुस्तीच्या अर्जावर मला फार बोलावे लागले नाही. दुसऱ्या पक्षावर अन्याय होत नसेल आणि पक्षकारांमधील खऱ्या वादाच्या निर्णयासाठी आवश्यक असेल अशी प्रत्येक दुरुस्ती मंजूर व्हावी, हे सूत्र मुंबई उच्च न्यायालयाने १९०९ साली किसनदास रूपचंद विरुद्ध राचाप्पा विठोबा या प्रकरणात सांगितले, १९५७ साली पिरगोंडा पाटील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले, आणि शतकभरात झालेल्या साऱ्या फेरफारांतून त्याचे तेज कमी झालेले नाही. दुरुस्ती खर्चाच्या अटीवर मंजूर झाली. वाढीव स्टँपाचा प्रश्न उरला. नादार म्हणून आदेश ३३ खाली फी माफ करून घेण्याचा मार्ग मी सुचवला होता; पण त्या चौकशीत जाणारा काळ अशिलाला नको होता. त्याने घरात मुरत ठेवलेल्या सागवानी फळ्या विकल्या. आता त्या रंधायला हात नव्हता, एवढेच तो म्हणाला.

पुढचा खरा वाद टक्केवारीवर झाला. पंचेचाळीस टक्के अपंगत्व म्हणजे पंचेचाळीस टक्के कमाईची हानी, असे प्रतिवादीचे गणित होते. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने हा भ्रम फार स्पष्टपणे दूर केला आहे: अवयवाचे अपंगत्व निराळे आणि कमाईच्या शक्तीची हानी निराळी, हात गमावलेला सरकारी कारकून कदाचित नोकरीवर राहील, पण तोच हात गमावलेल्या वाहनचालकाची किंवा सुताराची कमाई जवळजवळ पूर्ण नष्ट होऊ शकते. त्या निवाड्यात सुताराचे नाव उदाहरणादाखल आले होते. आमच्या न्यायालयात तो सुतार प्रत्यक्ष उभा होता. न्यायाधीशांनी त्याला पटाशी धरून दाखवण्यास सांगितले. त्याने डाव्या हाताने ती उजव्या तळव्यात ठेवली, आणि बोटे मिटली नाहीत.

हुकूमनामा मागणीच्या सुमारे दोन तृतीयांश रकमेचा झाला, व्याजासह. इशारा दिला गेला नव्हता या निष्कर्षासाठी न्यायाधीशांनी मुख्यतः त्या मृत धनगराच्या जबाबाचा आधार घेतला. प्रतिवादीने रक्कम न्यायालयात भरली, दरखास्तीची वेळ आली नाही. खालच्या न्यायालयाच्या मर्यादेत राहिलो असतो तर मूळ मागणीच्या वर एक रुपयाही मिळाला नसता. वादपत्र परत घेऊन नव्याने गेलो असतो तर रक्कम मोठी मागता आली असती, पण दोष सिद्ध करणारा माणूस हयात नव्हता.

या प्रकरणानंतर माझ्याकडे उमेदवारी करणाऱ्या प्रत्येकाला मी काही गोष्टी आवर्जून सांगत आलो. दुखापतीचा दावा लिहिण्यापूर्वी डॉक्टरांना केवळ काय झाले ते न विचारता काय होऊ शकेल तेही विचारावे आणि ती शक्यता वादपत्रात नोंदवावी, म्हणजे पुढची दुरुस्ती आगंतुक ठरत नाही. दावा वर न्यावा लागला तर परत घेण्यापूर्वी वर्ग करण्याचा विचार करावा. आणि वर्ग करण्याच्या अर्जात टप्पा राखण्याची विनंती स्वतंत्रपणे लिहावी, कारण जे मागितले नाही ते कलमात असूनही पुष्कळदा मिळत नाही.

परंतु या साऱ्या युक्तीच्या गोष्टींमागे एक नीतीची गोष्ट आहे. वरचे न्यायालय म्हणजे अधिक प्रतिष्ठा, अधिक रक्कम किंवा प्रतिपक्षास दमवण्याचे साधन, अशी समजूत काही पक्षकारांची आणि खेदाने म्हणावे लागते की काही वकिलांचीही असते. अशा हेतूने नेलेला दावा पायऱ्या चढतो आणि न्यायापासून दूर जातो. दुखापत स्वतः वाढली असेल तरच दाव्याने वर जावे, आणि जाताना, दुखावलेल्या माणसाने व त्याच्या साक्षीदाराने शपथेवर एकदा जे सांगितले ते सांगितलेलेच राहील याची हमी वकिलाने घ्यावी. देहाची वेदना तो पुनःपुन्हा भोगतोच. तिचे कथन त्याला पुनःपुन्हा करावयास न लावणे हे कायद्याच्या हाती आहे, आणि कलम २४ च्या त्या मोजक्या शब्दांनी ते आपल्या, म्हणजे वकिलांच्या, हाती दिले आहे.